पिवळे अ‍ॅक्रिलिक खालचा रंग झाकत नसेल, तर हात वाढवावेत, अस्तर बदलावे की ट्यूब?

काळ्या किंवा निळ्या पृष्ठभागावर पिवळ्या अ‍ॅक्रिलिकचा पहिला हात दिला की तो हिरवट दिसतो, आणि दुसऱ्या हातानंतरही कुंचल्याचे पट्टे उमटून राहतात. अशा वेळी चार उपाय हाताशी असतात: त्याच रंगाचे हात वाढवणे, त्यात पांढरा मिसळणे, खाली वेगळे अस्तर देणे, किंवा मुळातच अधिक अपारदर्शक पिवळा घेणे. बहुतेक जण पहिल्या उपायाने सुरुवात करतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत कमी फायद्याचा आहे.

याचे कारण पिवळ्याच्या स्वभावात आहे. काळा किंवा गडद निळा रंग प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे त्याचा पातळ थरही खालचे लपवू शकतो. पिवळ्याला मात्र प्रकाशातला निळा भाग तेवढा शोषून तांबडा आणि हिरवा भाग परत पाठवायचा असतो, आणि गडद पृष्ठभागावर हे काम रंगद्रव्याच्या कणांनी प्रकाश विखुरला तरच होते. विखुरण्याची ही ताकद कणांच्या आकारावर, तसेच कण आणि भोवतालचे माध्यम (कणांना बांधून ठेवणारा पदार्थ) यांच्या अपवर्तनांकांमधील, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या प्रमाणातील, फरकावर ठरते. अ‍ॅक्रिलिक माध्यमाचा अपवर्तनांक सुमारे १.५, कॅडमियम यलोचा २.५ च्या आसपास आणि टिटॅनियम व्हाइटचा २.७ च्या आसपास असतो. स्वस्त ट्यूबांमध्ये सर्रास आढळणाऱ्या हान्सा यलोसारख्या सेंद्रिय रंगद्रव्यांचा अंक माध्यमाच्या बराच जवळ असल्यामुळे ती झळझळीत दिसली तरी झाकण्यात कमी पडतात.

आता हात वाढवण्याचा हिशेब पाहू. समजा, एका हातातून खालचा निम्मा रंग दिसतो. मग दुसऱ्यानंतर पाव आणि तिसऱ्यानंतर अष्टमांश दिसत राहील, म्हणजे प्रत्येक नव्या हाताचा लाभ आधीच्या निम्मा. शिवाय ओलसर थरावर कुंचला फिरवला तर खालचा थर उचलला जातो, आणि पाणी जास्त घातले तर रंगद्रव्य विरळ होऊन कोंडी आणखी वाढते. खालचा पृष्ठभाग आधीच पांढरा असेल तर दोन-तीन पातळ हात पुरतात आणि दुसरे काही करण्याची गरज नाही. गडद पृष्ठभागावर मात्र हा केवळ वेळेचा अपव्यय आहे.

पांढरा मिसळणे हा सर्वांत जलद उपाय. थोड्याशा टिटॅनियम व्हाइटनेही झाकण्याची क्षमता लक्षणीय वाढते, पण त्याची किंमत रंगाच्या तेजात मोजावी लागते, कारण पिवळा फिका, किंचित थंड आणि खडूसारखा होतो. फिकट लिंबू छटाच हवी असेल तर यात तोटा काहीच नाही. गडद, उबदार पिवळा हवा असेल तर पांढऱ्याऐवजी चिमूटभर येलो ऑकर, म्हणजेच पिवडी, मिसळून पाहावी. तिने झळाळी थोडी उतरते, पण रंग पांढुरका पडत नाही. झिंक व्हाइट या कामासाठी घेऊ नये, कारण तो स्वतःच बऱ्यापैकी पारदर्शक असतो.

मी स्वतः सर्वाधिक भरवसा ठेवतो तो अस्तरावर. येथे खरी निवड पांढरे अस्तर आणि उबदार अस्तर यांच्यात आहे. टिटॅनियम व्हाइटच्या अस्तरावर पिवळा सर्वांत स्वच्छ आणि उजळ दिसतो. मात्र थर जेथे पातळ राहील तेथे पांढरेपणा डोकावतो आणि सपाट मोठ्या भागावर डाग पडल्यासारखे वाटते. पांढऱ्यात ऑकर किंवा थोडा नारिंगी मिसळून केलेल्या अस्तरावर तीच पातळ जागा जराशी गडद पिवळी दिसते, म्हणजे हाताची चूक छटेत विरून जाते. फिकट गुलाबी अस्तरही याच कारणाने चालते, पण त्यावर पिवळा नारिंगीकडे झुकतो, त्यामुळे लिंबू छटेसाठी ते टाळावे. करडे अस्तर पिवळ्याखाली कधीच देऊ नये, मग ते कितीही सोयीचे वाटो.

पिवळा वारंवार आणि मोठ्या भागावर लागत असेल तर ट्यूब बदलणेच इष्ट. खरेदी करताना नावाकडे न पाहता ट्यूबवर छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक पाहावा; त्यातले ‘पीवाय’ (PY) म्हणजे पिगमेंट यलो, पिवळे रंगद्रव्य. पीवाय ३५ आणि पीवाय ३७ ही खरी कॅडमियम रंगद्रव्ये आहेत. नावापुढे ‘ह्यू’ असेल तर आत बहुधा दुसरेच द्रव्य असते. पीवाय १८४, म्हणजे बिस्मथ व्हॅनाडेट, कॅडमियमविना लिंबाच्या बाजूची उत्तम अपारदर्शकता देते. पीवाय ५३, निकेल टायटनेट, चांगले झाकते, परंतु फिके असते आणि मिश्रणात लवकर हरवते. पीवाय ३ किंवा पीवाय ८३ असलेली ट्यूब झाकण्यासाठी घेऊ नये. ती पारदर्शक थरांसाठी फार सुंदर आहे. अनेक ट्यूबांवर छोटा चौकोन छापलेला असतो: रिकामा असल्यास रंग पारदर्शक, भरलेला असल्यास अपारदर्शक.

कॅडमियम आणि बिस्मथ यांत निवडायचे असल्यास काम कोठे राहणार हे आधी ठरवावे. घरातल्या चित्रासाठी कॅडमियमची उबदार, भरीव छटा मला अजूनही सरस वाटते, पण ऊन आणि ओलावा एकत्र लागणाऱ्या भिंतीवर ते फिके पडते. तेथे बिस्मथ घ्यावा. फवारणी करायची असेल किंवा वाळलेला थर कोरडाच घासायचा असेल, तर कॅडमियमचा विचारच सोडावा, कारण त्याचे तुषार आणि धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक आहे.