टोमॅटोचे सहा वाण आणि रोपांचा ट्रे: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वापरात होतं ते असं: ९८ कप्प्यांचा प्रो-ट्रे, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), ट्रेखाली ठेवायची गरम मॅट, कोकोपीटमध्ये खुपसायचा थर्मामीटर, दोन एलईडी ट्यूब आणि टायमर. वाण सहा: रोमा, सॅन मार्झानो, सनगोल्ड, अर्ली गर्ल, ब्रँडीवाइन आणि अर्का रक्षक. बी टाकण्यापासून वेल उपटून टाकेपर्यंत आठ महिने गेले. सामान ठीकठाक असलं तरी भागतं. वाण आणि बी टाकायची तारीख मात्र एकत्रच ठरवावी लागते, आणि बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं.

पाकिटावरच्या दिवसांपासून सुरुवात करू. 'अमुक दिवसांत तयार' हा आकडा टोमॅटोच्या बाबतीत बी टाकल्यापासून नसतो, पुनर्लागवडीपासून, म्हणजे ट्रेमधलं रोप जमिनीत लावल्यापासून असतो. अर्ली गर्लवर ५० ते ६० दिवस दिसतात, ब्रँडीवाइनवर ८० ते १००. त्यात उगवणीचा आठवडा आणि रोप वाढायचे चार ते सहा आठवडे मिळवा. म्हणजे बी टाकल्यापासून पहिलं पिकलेलं फळ हातात यायला अर्ली गर्लला तीन-साडेतीन महिने, तर ब्रँडीवाइनला चार ते पाच महिने लागतात. हे न मोजता दोन्ही वाण एकाच दिवशी टाकले तर एक वेळेत येतो आणि दुसऱ्याचं फूल नेमकं नको त्या हवेत सापडतं.

नको ती हवा कुठली? टोमॅटोचं फूल रात्रीच्या तापमानावर ठरतं. रात्र १५ ते २० अंशांच्या दरम्यान असेल तर फळ छान धरतं. रात्री १३ अंशांच्या खाली गेल्या की परागकण नीट तयार होत नाहीत. दिवस ३२ च्या वर आणि रात्र २४ च्या वर राहिली की परागकण निकामी होतात आणि देठाचा सांधा पिवळा पडून फूल गळतं. झाड वरून हिरवंगार, तजेलदार दिसतं, म्हणून लोक खत वाढवतात. नत्र वाढलं की पाला वाढतो, फळ काही वाढत नाही.

म्हणून हिशोब फुलापासून उलटा करायचा. आपल्याकडे रात्री १५ ते २० अंश असतात असे सलग आठवडे कोणते, ते आधी काढा. पुनर्लागवडीनंतर पहिला फुलांचा झुपका यायला साधारण तीन ते पाच आठवडे लागतात. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत मोठ्या फळांना सहा ते आठ आठवडे, सनगोल्डसारख्या लहान फळांच्या चेरी प्रकाराला त्याहून कमी. पहिला झुपका त्या चांगल्या आठवड्यांच्या सुरुवातीला यावा अशी पुनर्लागवडीची तारीख धरा आणि तिथून रोपाचं वय मागे मोजा. समजा आजपासून दहा आठवड्यांनी रात्री तापायला लागणार आहेत. आज बी टाकलं तर पाच आठवड्यांनी लावण, नवव्या आठवड्यात फूल, आणि फळ धरायला हातात जेमतेम एक आठवडा उरतो. अशा वेळी ब्रँडीवाइनचा हट्ट सोडावा. चेरी वाण तापलेल्या हवेतही बऱ्यापैकी फळ धरतात, ते टाकावेत, नाहीतर पुढच्या थंडाव्यासाठी बी राखून ठेवावं. जिथे हिमतुषार पडतो तिथे दुसरं टोक महत्त्वाचं: शेवटचा हिमतुषार टळून गेला, जमीन १५ अंशांच्या वर आली आणि रात्री १० च्या वर राहायला लागल्या की लावण. बी त्याच्या सहा ते आठ आठवडे आधी घरात टाकायचं, त्याहून आधी नाही.

'लवकर टाकलेलं बरं' हा समज सगळ्यात महाग पडतो. ९८ कप्प्यांच्या ट्रेमधला एक कप्पा अगदी लहान असतो. साधारण तीस-पस्तीस दिवसांनी मुळं कप्प्याच्या भिंतीला लागून गोल फिरायला लागतात. रोप खालून हलकं दाबून बाहेर काढून बघा: योग्य वयाच्या रोपाचा गड्डा पांढऱ्या मुळांनी जाळी धरून अख्खा निघतो आणि बोटाने दाबला तर किंचित दबतो. वय उलटलेल्या रोपाचा गड्डा लाकडाच्या खुंटीसारखा कडक, मुळं तपकिरी, खोड चिवट, खालची पानं पिवळी आणि वर एखादी कळी. अशी रोपं लावल्यावर दोन-तीन आठवडे नुसती उभी राहतात. पाच आठवड्यांचं कोवळं रोप त्यांना सहज गाठतं आणि मागे टाकतं. सहा ते आठ आठवडे रोप आत ठेवणं भागच असेल तर पहिली दोन-तीन खरी पानं येताच ते ९-१० सेंटिमीटरच्या कुंडीत हलवा, ट्रेमध्ये कोंडू नका.

गरम मॅट आणि थर्मामीटर या जोडीला पूर्ण गुण. उगवण कशी तापमानावर चालते ते पाहा: माध्यम २५ ते ३० अंशांवर असेल तर सहा दिवसांत कोंब वर येतात, २० वर आठ दिवस, १५ वर चौदा, आणि १० वर सहा आठवडेसुद्धा. ३५ च्या पुढे उगवण पुन्हा घसरते. मोजायचं ते कोकोपीटचं तापमान, खोलीचं नाही. ओल्या ट्रेमधून पाणी सतत उडत असल्याने कोकोपीट खोलीपेक्षा दोनेक अंश थंडच राहतं. ट्रेवर झाकण ठेवलं की हा फरक कमी होतो. कोंब दिसायला लागले की झाकण त्याच दिवशी काढा आणि मॅट बंद करा. गरम बुड आणि कमी उजेड मिळाला की रोप दोन दिवसांत दोऱ्यासारखं लांबतं, आणि लांबलेली रोपं परत आखूड होत नाहीत. ज्यांच्याकडे हवा आधीच उबदार आहे त्यांना मॅटची गरजच नाही, तो खर्च वाचवा.

दिव्यांबद्दल एवढंच: रोज १४ ते १६ तास, शेंड्यापासून ५ ते १० सेंटिमीटरवर, आणि रोप वाढेल तशी ट्यूब वर सरकवायची. टायमर नसेल तर विसरायला होतं, म्हणून तो घ्याच.

कोकोपीटची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं. ते दाबलेल्या विटेच्या रूपात मिळतं, पाण्यात भिजवलं की फुगतं. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार असतात, मुख्यतः सोडियम आणि पोटॅशियमचे. रोपांच्या पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसतात आणि माणूस पाणी वाढवत बसतो. विकत घेताना धुतलेलं, कमी ईसीचं, म्हणजे कमी क्षारांचं बघून घ्या. शंका असेल तर साध्या पाण्यातून दोन-तीनदा काढून पिळा. ओलावा किती हवा? मूठभर घेऊन दाबलं तर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. कप्पे भरताना फार ठेचू नका, नाहीतर हवा राहत नाही. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल. त्याहून वर राहिलं तर बियांचं टरफल दलपत्रांवर, म्हणजे उगवतानाच्या पहिल्या दोन पानांवर टोपीसारखं अडकून राहतं आणि पानं उघडत नाहीत. अशी टोपी ओढून काढू नका. पाण्याचा थेंब सोडून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग चिमटीने हलकेच सरकते. वर पुरेसा थर असला की मातीतून वर येतानाच टरफल घासून खाली राहतं.

कोकोपीटमध्ये अन्न जवळजवळ नसतं. पहिलं खरं पान उलगडेपर्यंत रोप बियातल्या साठ्यावर जगतं. त्यानंतर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, आठवड्यातून एक-दोनदा पुरे. पानांची खालची बाजू जांभळी दिसली तर लगेच स्फुरद (फॉस्फरस) ओतू नका. माध्यम १५ अंशांच्या आसपास असेल तर मुळांना स्फुरद नीट उचलता येत नाही. ट्रे उबेत नेला की नवी पानं हिरवी येतात.

रोपं कोलमडणं म्हणजे ट्रेमधली खरी आपत्ती. खोड मातीलगत पाणचट, बारीक होतं आणि रोप आडवं पडतं. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशीसारख्या रोगकारकांचं हे काम. त्यांना आमंत्रण आपणच देतो: संध्याकाळी पाणी, झाकण तसंच ठेवणं, दाट पेरणी, जुना न धुतलेला ट्रे. पाणी सकाळी द्या, ट्रे खालून पाण्यात टेकवून द्या आणि दहा मिनिटांनी उरलेलं ओतून टाका. वर छोटा पंखा अगदी हळू चालू ठेवला तर वरचा थर कोरडा राहतो आणि खोडंही जाडजूड होतात. ट्रेच्या कडेचे कप्पे मधल्यांपेक्षा लवकर सुकतात, हे लक्षात ठेवून कडेला वेगळं पाणी द्यायला लागतं. आठ महिन्यांनी ट्रेचे दोन कोपरे चिरले आहेत, कारण भरलेला ट्रे एका हाताने उचलला की वजन कोपऱ्यावर येतं. खाली फळी धरून उचलावा. वाणाचं नाव पट्टीवर पेन्सिलीने लिहा, मार्कर उन्हात उडून जातो.

आता वाण.

रोमा मर्यादित वाढीचा. झुडूप एका उंचीला थांबतं आणि बरीचशी फळं तीन-चार आठवड्यांत एकदम येतात. फळात गर जास्त, पाणी कमी, आटवायला उत्तम. चांगल्या हवेची खिडकी लहान असेल तर पहिली पसंती हाच. याच्या बगलफुटी, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातले फुटवे, काढू नका. प्रत्येक फुटीवर फळ असतं, काढली तर फळच कमी होतं.

सॅन मार्झानोची चव आटवल्यावर रोमापेक्षा सरस वाटली, पण तो अमर्याद वाढतो, आधार पक्का लागतो, आणि फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडण्याची खोड लांबट फळांना जास्त. हा डाग रोगाचा नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही, आणि ते पोहोचवतं पाणी. एक दिवस भरपूर, तीन दिवस कोरडं, असं झालं की डाग आलाच. ठिबक किंवा आच्छादनाने ओल सारखी ठेवली की पुढच्या झुपक्यांतून तो निघून जातो. जमिनीत चुना असताना वरून आणखी ओतून काही साधत नाही.

सनगोल्ड सगळ्यात लवकर, सगळ्यात जास्त दिवस आणि सगळ्यात गोड. तोटा एकच: साल पातळ. कोरड्या दिवसांनंतर जोरदार पाणी किंवा पाऊस झाला की पिकलेलं फळ तडकतं. पावसाची चिन्हं दिसली की रंग बदललेली फळं आधीच उतरवून घ्यावीत. संकरित असल्याने याचं बी धरून उपयोग नाही, पुढची पिढी सारखी येत नाही.

अर्ली गर्ल हा अडीअडचणीचा सोबती. चव मध्यम, पण उशीर झालेल्या वेळापत्रकात हाच वेळ सावरतो.

ब्रँडीवाइनची चव चाखली की बाकीचे फिके वाटतात, हे खरं. पण फळं मोजकी, उष्णतेत फूल गळतं, रोगप्रतिकार जवळजवळ नाही, आणि दिवस सर्वात जास्त. चांगले थंड आठवडे लांब असतील तरच लावा, आणि लावलात तर दोन-तीन झाडांपुरता.

अर्का रक्षक तीन रोगांना प्रतिकारक म्हणून तयार केलेला संकरित वाण: पर्णगुच्छ म्हणजे लीफ कर्ल, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा. लीफ कर्ल पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीचा त्रास असलेल्या जागी याला पर्याय शोधताना दमछाक होते. तरी रोप अवस्थेत ४० ते ५० मेशची (इंचाला तितकी छिद्रं असलेली) जाळी ट्रेवर हवीच, कारण लीफ कर्लची लागण जितकी लहान वयात, तितकं नुकसान मोठं. पाकिटावर व्ही, एफ, एन अशी अक्षरं असतात ती अनुक्रमे व्हर्टिसिलियम मर, फ्युजारियम मर आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींसाठी. आपल्या जमिनीत आधी कशाने झाडं गेली ते आठवून अक्षर निवडा. एनबद्दल एक सावधगिरी: जमीन २८ अंशांच्या वर तापली की हा प्रतिकार ढिला पडतो, म्हणून उन्हाळी लागवडीत त्याच्या भरवशावर राहू नये.

लावणीआधी सात ते दहा दिवस रोपं बाहेर काढून सवय लावा. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं ऊन वाढवत. घाई केली तर पानांवर पांढरे, कागदासारखे चट्टे पडतात. लावताना खालची पानं खुडून खोड निम्म्यापर्यंत मातीत घाला. गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. थोड्या लांबलेल्या रोपांनाही हाच उपाय. मर्यादित वाढीच्या वाणांना ४५ ते ६० सेंटिमीटर, अमर्याद वाढीच्यांना ६० ते ९० अंतर ठेवा.

पुढच्या खेपेला बदल दोन. सगळं बी एकदम न टाकता तीन आठवड्यांच्या अंतराने दोन टप्पे, म्हणजे हवामानाचा अंदाज चुकला तरी एक टप्पा हाती लागतो. आणि ब्रँडीवाइनचं बी घरचं. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर बियांसकट दोन-तीन दिवस आंबवायचा, बुळबुळीत आवरण सुटलं की धुऊन सावलीत वाळवायचं. थंड, कोरड्या जागी चार-पाच वर्षं चालतं. या वाणाची पानं बटाट्यासारखी अखंड कडेची असतात आणि तो गुण अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही पालकांकडून आला तरच दिसतो. म्हणून घरच्या बियातून ट्रेमध्ये कातरलेल्या पानांचं रोप दिसलं, तर ते शेजारच्या वाणाशी संकर झालेलं आहे असं समजून तिथेच बाजूला काढायचं.