पंधरा मिनिटांनी गप्प होणारी सनई

लॅपटॉपवर वाजवायची वाद्यं स्वस्तात घेण्याच्या नादात माझे एकूण १२,४९९ रुपये गेले. नाटकाच्या एका प्रयोगाचे मला १,५०० मिळतात, म्हणजे आठ रात्री फुकट जागलो असं धरा. रक्कम मोठी नाही, म्हणून तर वर्षभर कोणाला सांगितलं नाही. पण याच महिन्यात ओळखीच्या दोन पोरांनी तसलीच जाहिरात मला दाखवली, म्हणून लिहितो.

मी भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातला. पावसाळ्यात धानाची रोवणी, आणि भाऊबीजेनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत कीबोर्ड. मधल्या काळात गावोगावच्या भजन मंडळांचे ट्रॅक घरीच करून देतो. माझा जुना कीबोर्ड दम तोडत होता आणि त्यातली सनई जत्रेतल्या पिपाणीसारखी वाजायची. भाचा म्हणाला, "मामा, लॅपटॉपमधी सगळे वाद्य असतेत."

खोटं नव्हतं ते. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी आणलं, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामची, प्लगइनची, पद्धत, आणि १९९९ पासून त्यात वाद्यंही आली. त्यातले काही प्लगइन सिंथ असतात, आवाज गणिताने जागेवरच तयार करतात, फाइल अगदी हलकी. काही सॅम्पलवर चालतात, म्हणजे खऱ्या वादकाचा एकेक सूर रेकॉर्ड करून भरलेला, म्हणून कित्येक जीबी जागा खातात. एवढा फरक तेव्हा माहीत असता तर निम्मं नुकसान तिथेच टळलं असतं.

उन्हाळी धानाचे चुकारे गणपतीच्या सुमारास जमा झाले आणि त्याच आठवड्यात फेसबुकवर जाहिरात दिसली. बाराशे प्लगइन, ढोलकी, संबळ, सनई, ऑर्गन, सगळं आयुष्यभरासाठी, फक्त ४,९९९. फोन लावला. माणूस गोड बोलणारा, प्रत्येक वाक्यात दोनदा दादा. पैसे यूपीआयने टाकले आणि लिंक आली ४०० जीबीची. माझ्याकडे रोजचा दीड जीबी डेटा. भागाकार केला तर पुढचा पावसाळा तोंडावर आला असता तेव्हा कुठे डाउनलोड संपलं असतं. "मग दादा, ५०० जीबीची हार्डडिस्क पाठवतो, २,२०० वेगळे." दिले.

इथे एक कबूल करून टाकतो. ज्या वाद्यांच्या किमती कंपन्यांच्या साइटवर शेकडो डॉलर लिहिल्या आहेत, ती बाराशेच्या संख्येत पाच हजारांत कशी येतील, हे कळायला मी काही लहान नव्हतो. माल चोरीचा असणार हे मनात होतंच. आपल्याला काय करायचं म्हणून गप्प बसलो. हीच गोष्ट पुढे अंगाशी आली.

डिस्कमध्ये पहिलंच फोल्डर होतं 'प्रीमियम सिंथ'. त्यात व्हायटल, सर्ज, डेक्स्ड. फार खूष झालो. डेक्स्डमध्ये यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स७ चे आवाज निघतात. ते काचेसारखे किणकिणणारे पियानो ऐकून मी रात्री दोनपर्यंत वाजवत बसलो. सहा महिन्यांनी कळलं की सर्ज आणि डेक्स्ड कोणालाही फुकट मिळतात आणि व्हायटलची साधी आवृत्तीही फुकट आहे. त्या माणसाने मला विहिरीतलं पाणी बिसलरी म्हणून विकलं होतं.

खरी हौस सनईची होती. ती कॉन्टॅक्ट नावाच्या सॅम्पलरमध्ये उघडायची. त्याची 'प्लेअर' ही फुकट आवृत्ती त्या माणसाने डिस्कमध्येच भरून दिली होती. आवाज अस्सल होता, फुंकरीचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. पण थोडं वाजवलं की बंद. पुन्हा उघडलं की सुरू, पुन्हा बंद. फोन केला तर म्हणाला, "रॅम कमी पडतोय दादा." वडशाला जाऊन १,८०० ची रॅम टाकली. घरी दहा-दहा मिनिटं वाजवून पाहिलं, चाललं. वाटलं, रोग गेला.

मंडईतला पहिला प्रयोग. पहिल्या अंकात बाप मरतो आणि मुलीच्या लग्नाची सनई तशीच चालू राहते, असा प्रसंग. दिग्दर्शकाने खास माझ्या भरवशावर ठेवलेला. वरात येईपर्यंत सनई छान वाजली. नटाने छातीवर हात ठेवला आणि लॅपटॉप मुका झाला. मी पट्ट्या दाबतोय, आवाज नाही. समोर तीन-चार हजार माणसं, थंडीत घोंगडी पांघरून बसलेली. ऑर्गनवर बसलेल्या काकांनी वर न पाहता तीच धून उचलली, प्रसंग निभावला, आणि पडदा पडल्यावर मला म्हणाले, "तुया डब्यातला सनईवाला झोपला का गा?"

रॅमचा काही संबंध नव्हता. कॉन्टॅक्टच्या पूर्ण, विकतच्या आवृत्तीसाठी बनवलेली लायब्ररी, म्हणजे वाद्याच्या सॅम्पलचा संच, फुकट प्लेअरमध्ये उघडली की ती डेमो म्हणून चालते आणि १५ मिनिटांनी थांबते. हा बिघाड नाही, नियमच तसा आहे. प्लेअरमध्ये कायम चालणाऱ्या लायब्रऱ्या वेगळ्या असतात आणि तसं लायब्ररी विकणाऱ्या कंपनीच्या साइटवर स्पष्ट लिहिलेलं असतं. मी साइट उघडलीच नव्हती.

त्याला पुन्हा फोन केला. तो म्हणाला, "मग फुल व्हर्जनची लायसन्स-की घ्या, ३,५००." आधीचे ८,९९९ वाया जाऊ नयेत म्हणून हे ३,५०० दिले. यातलं खुळेपण आज दिसतं, त्या दिवशी हा हिशोब बरोबर वाटला होता. त्याने एनीडेस्क टाकायला लावलं, लॅपटॉप स्वतः चालवायला घेतला आणि अँटिव्हायरस बंद केला. 'पॅच' नावाची फाइल चालवली. काळी खिडकी उघडली, मिटली. "झालं दादा." सनई खरोखर वीस मिनिटं वाजली. मी त्याला धन्यवाद दिले!

तिसऱ्या दिवशी सकाळी जीमेल उघडेना. दुपारी शेजारच्या गावातल्या भजन मंडळाच्या बुवांचा फोन, "तुमच्या यूट्यूबवर कोण इंग्रजीत बोलून राहिला?" चार वर्षांची खंजिरी भजनं जिथे होती त्या चॅनेलचं नाव बदललेलं, आणि वर कसल्याशा क्रिप्टो नाण्याचं थेट प्रक्षेपण. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन, सगळं त्या पॅचने उचललं असणार, दुसरं काही मी टाकलंच नव्हतं. चॅनेल १९ दिवसांनी परत मिळालं. अकरा भजनं मात्र गेली, त्यातली दोन आता हयात नसलेल्या बुवांची. पैशांचं दुःख केव्हाच गेलं, हे जात नाही.

तक्रार? सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तो तीन आठवड्यांनी. मुद्दाम उशीर केला नाही, लाज वाटत होती. पोलिसांना काय सांगू, चोरीचा माल घेताना फसलो? असा माल विकणाऱ्याची खरी ताकद हीच आहे, गिऱ्हाईक तोंड उघडत नाही. तिकडून बोललेल्या बाईंनी मात्र काही टोचून विचारलं नाही. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक मागितला आणि एवढंच म्हणाल्या की पहिल्या काही तासांत फोन आला असता तर पैसे समोरच्या खात्यात अडवता आले असते. आता ते पुढे निघून गेले होते.

त्या पोरांना मी सांगितलं की कोणी लायसन्स विकतो म्हणाला तर एकच विचारा, कंपनीच्या साइटवरून तुमच्या खात्यातून माझ्या खात्यावर नावावर करून देता का? कंपनीचा नियम तसा असेल आणि माणूस खरा असेल तर हो म्हणतो. नुसता नंबर व्हॉट्सअपवर पाठवतो म्हणाला की फोन ठेवा. आणि अँटिव्हायरस बंद करा म्हणणारा कोणीही असो, जावई असला तरी लॅपटॉप मिटा.

सध्या मी रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं, नंतर लहान कामासाठी लायसन्स ६० डॉलरचं. ते रीतसर घेतलं. सनई अजून मनासारखी मिळाली नाही. ऑर्गन मात्र काकांचाच घेतला. एका दुपारी त्यांच्या अंगणात बसून एकेक पट्टी मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि डिसेंट सॅम्पलर या फुकट प्लगइनमध्ये भरली. मागे कोंबडा ओरडतो दोन सुरांत, पण भात्याची कुरकुर खरी आहे.

ती हार्डडिस्क परवा फॉरमॅट केली, ट्रॅक ठेवायला. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसायला हवी. दिसली २९८. तीही ३२० चीच दिली होती.