डीप वेल की सुटे अ‍ॅनोड? काळ्या मातीतल्या प्लांटसाठी

मोकळ्या रानातून जाणाऱ्या पाइपलाइनचं सीपी (कॅथोडिक प्रोटेक्शन, म्हणजे जमिनीत पुरलेल्या अ‍ॅनोडमधून करंट पाठवून पाइपाला गंजापासून वाचवणं) वेगळं आणि प्लांटच्या कुंपणाआतलं वेगळं. त्यासाठी ईएन 14505 हे स्वतंत्र मानकच आहे. आत फायर वॉटरची रिंग, डिझेलची लाइन, तांब्याचं अर्थिंग, फाउंडेशनच्या सळया, सगळं एकमेकांना जोडलेलं. पाइपाचा विजेचा संबंध तोडणारा इन्सुलेटिंग जॉइंट घालाल, तर सहा महिन्यांत कुणीतरी त्याला वळसा घालून सपोर्ट वेल्ड करून जातो. स्वतः झिजून करंट देणारे मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड एवढ्या तांब्यापुढे दमतात. उरले दोन रस्ते: एका कोपऱ्यात खोल बोअर मारून अ‍ॅनोडची माळ सोडायची, नाहीतर लाइनच्या कडेकडेने सुटे अ‍ॅनोड पुरत जायचं.

डीप वेल कागदावर देखणी. खोदकाम एकाच जागी, केबल थोडी, आणि बोअरची गाडी तर आपल्याकडे एका फोनवर हजर. शेंद्र्याकडच्या एका प्लांटसाठी मीही तीच निवडली. दोनशे फुटांवर गाडीवाला म्हणाला, "साहेब, ओल लागंना, अजून पन्नास मारू का?" मी हसून नको म्हटलं. आम्हाला कुठं पाणी काढायचं होतं!

तिथंच फसलो. वर काळी माती, खाली मुरूम, मग पाषाण. कोरड्या पाषाणातून करंट फारसा जात नाही, तो जातो भेगांमधल्या पाण्यातून. जानेवारीत रेक्टिफायर (अ‍ॅनोडना डीसी करंट पुरवणारा) 40 अँपिअर आरामात द्यायचा. मे महिन्यात व्होल्टेज शेवटाला टेकलेलं आणि करंट 17. करंट कमी पडला की आधी उपाशी राहतो पंप हाऊसशेजारचा पाइप, कारण काँक्रीटमधली सळई उणे 200 मिलिव्होल्टच्या आसपास निवांत बसलेली असते. ती आणि तांबं आपला वाटा आधी ओढून घेतात. तिथलं ऑफ रीडिंग, म्हणजे करंट क्षणभर बंद करून मोजलेलं पाइपाचं व्होल्टेज, उणे 610. हवं होतं उणे 850.

उपाय म्हणून बोअरमधला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपातून पाणी सोडायचं ठरलं. तीन आठवडे, एक दिवसाआड टँकर. कँटीनलाही त्याच टँकरचं पाणी. गेटवरचे मामा एकदा बघत उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, लोकं बोअरातून पाणी काढतेत, तुम्ही वतायलेत?" मला उत्तर सुचलं नाही.

पुढच्या प्लांटात 22 सुटे अ‍ॅनोड पुरले. प्रत्येकाची केबल जंक्शन बॉक्सात, प्रत्येकाचा करंट शंटवर (करंट मोजायच्या पट्टीवर) दिसतो. पंप हाऊसजवळचे वाढवले, बाकीचे दाबले. त्रास यातही आहे. जेसीबीचा दात केबलला नुसता घासून गेला, तरी पॉझिटिव्ह बाजूचं तांबं तिथून झिजत जाऊन केबल तुटते. आमच्याकडे दोनदा झालं. मग केबलवर विटा रचल्या. पण एक गेला तरी एकवीस चालू राहतात. दुसरं, अ‍ॅनोडजवळचं ऑन रीडिंग उगाच छान दिसतं; सगळे रेक्टिफायर एकदम तोडून ऑफ रीडिंगच घ्या.

पैठणसारख्या धरणाकाठी, जिथं उन्हाळ्यातही विहिरींना पाणी असतं, तिथं डीप वेल चालेलही. सगळीकडे काँक्रीट असलेल्या जुन्या प्लांटात तर कदाचित दुसरा इलाजच नसेल. काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात हेही खरं, पण अडीच मीटरवर माझ्या अ‍ॅनोडांना ओल पुरली. पाणी लागतं ते वर, रीडिंग घ्यायचा हाफ-सेल जमिनीला टेकवताना. बाटलीभर.