ऑइल प्रेशर तपासायचं किट: नळी उत्तम, आटे बेभरवशाचे

पुण्यात नाना पेठेत हे किट चौदाशे पन्नासला पडलं. मी बाराशे म्हणालो, दुकानदाराने चहा मागवला आणि किंमत तिथंच ठेवली. निळ्या प्लास्टिकच्या डब्यावर कंपनीचं नाव नाही, नुसतं एका इंजिनाचं चित्र. आत दहा बारची, म्हणजे साधारण १४० पीएसआयची (दर चौरस इंचाला पौंड; पुढचे प्रेशरचे आकडे याच मापात) तबकडी, हातभरापेक्षा लांब रबरी नळी, पितळी जोडण्या आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवरचं इंग्रजी कोणी लिहिलंय देव जाणे, ती फेकून दिलीत तरी चालेल.

मी पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये शिकवत होतो. निवृत्तीनंतर सातारा आणि आसपासच्या जुन्या गाड्यांचे मालक काही अडलं की येतात. माझी स्वतःची अ‍ॅम्बेसेडर मार्क थ्री, १४८९ सीसीचं बीएमसी बी-सिरीज इंजिन. किटचा पहिला प्रयोग तिच्यावरच झाला, कारण गरम इंजिनावर स्लोला (ॲक्सिलरेटर सोडल्यावर) आली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला होता.

या दिव्याकडून लोक फार अपेक्षा ठेवतात. दिव्याचा स्विच प्रेशर अगदी तळाला गेल्यावरच जोडला जातो. पन्नासाचं तीस झालं तरी दिवा गप्प. आणि स्विच स्वतः म्हातारा झाला असेल तर प्रेशर ठणठणीत असतानाही तो बोंब मारतो. म्हणून दिवा लागला की पहिलं काम एकच, स्विच काढून त्या जागी आकडा दाखवणारं काहीतरी लावायचं. मी ज्या गॅरेजला गाडी दाखवली तिथे हे कोणी केलं नाही. मिस्त्रीने दिवा पाहिला, कान लावला आणि म्हणाला, "सर, बेअरिंग गेलेत. हाफ इंजिन करून टाकू." हाफ इंजिन म्हणजे इंजिन उघडून झिजलेले भाग बदलायचे. खर्चाचा आकडा मात्र त्याने न मोजता सांगितला.

आता डब्यातल्या सगळ्यात वाईट गोष्टीबद्दल. जोडण्यांवर मापं कोरलेली नाहीत, आणि हा माझ्या मते अक्षम्य दोष आहे. एक-अष्टमांश बीएसपीला (ब्रिटिश पाइपच्या आट्याला) इंचाला २८ आटे असतात, एक-अष्टमांश एनपीटीला (अमेरिकन पाइपच्या आट्याला) २७. दहा मिलिमीटरचा, एक मिलिमीटर पिचचा (म्हणजे दोन आट्यांतल्या अंतराचा) मेट्रिक आटा दिसायला जवळपास तसाच. तिन्ही एकमेकांत दीड-दोन फेरे हाताने गोड बसतात, आणि मग पाना लावला की इंजिनाच्या ब्लॉकमधले आटे खातात. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, जोडणी पितळेची, त्यामुळे बहुतेक वेळा पितळ मरतं. पण 'बहुतेक' या शब्दावर कोणी स्वतःचा ब्लॉक लावू नये. जुना स्विच काढा, पिच गेजने (आटे मोजायच्या दातेरी पट्ट्यांनी) मोजा, मग डब्यातली प्रत्येक जोडणी मोजा आणि ऑइल पेंटने तिच्यावर माप लिहा. हे काम विकणाऱ्याचं होतं, ते आपण करायचं. टेफ्लॉन टेप लावणार असाल तर पहिला आटा मोकळा सोडा, टेपचा तुकडा ऑइलच्या वाटेत गेलेला चालत नाही.

नळी मात्र खरोखर चांगली आहे. गरम ऑइलने फुगली नाही, मुरड घालूनही चिरली नाही. हे महत्त्वाचं, कारण चालत्या इंजिनावर नळी फुटली तर चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, बघता बघता रिकामं होतं. बी-सिरीजमध्ये एक सोय आहे: कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड डाव्या अंगाला, प्रेशरची जागा उजव्या अंगाला. नळी तापलेल्या मॅनिफोल्डजवळून न्यावीच लागत नाही. दुसऱ्या गाडीत लावाल तेव्हा आधी हेच बघा.

तबकडीबद्दल माझं मत जरा मिश्र आहे. तिच्यावर बारीक अक्षरात २.५ छापलंय. म्हणजे पूर्ण मापाच्या अडीच टक्के, १४० वर साडेतीन पीएसआय. ही चूक काट्याच्या प्रत्येक जागी धरायची असते. साठाला साडेतीन इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही, पण स्लोला काटा बारावर असेल तर तेच साडेतीन निदान फिरवू शकतात. एमआयडीसीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं कॅलिब्रेशनचं छोटं युनिट आहे, तिथे डेड वेट टेस्टरवर (मोजलेल्या वजनांनी अचूक प्रेशर देणाऱ्या यंत्रावर) लावून पाहिलं. साठाला एकसष्ट, विसाला तेवीस, दहाला तेरा. म्हणजे खाली तीन जास्त दाखवते, आणि ते दरवेळी तसंच. कळल्यावर हरकत नाही, वजा करायचे. ज्यांना जमेल त्यांनी नळी आणि जोडण्या ठेवून तबकडी बदलावी: शून्य ते सात किलोची (साधारण १०० पीएसआयपर्यंतची), ग्लिसरीन भरलेली. तिच्यात काटा थरथरत नाही आणि खालच्या रेघा सुट्या दिसतात.

माझ्या गाडीचे आकडे (तबकडीची चूक वजा करून) असे आले. थंड इंजिन, सुरू केल्याबरोबर ४५. यवतेश्वरचा घाट चढून-उतरून आल्यावर स्लोला ९. दोन हजार आरपीएमला २८. तीन हजारला ३०. या इंजिनात गरम झाल्यावर चालताना पन्नासाच्या आसपास आणि स्लोला पंधरा ते पंचवीस असलं की मी निवांत असतो. घाटाचा उल्लेख उगाच नाही. टेंपरेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही, पाणी आधी तापतं आणि ऑइल मागाहून. पार्किंगमध्ये पाच मिनिटं इंजिन चालवून घेतलेलं माप फसवतं.

या आकड्यांत मला नऊपेक्षा तीस जास्त बोलका वाटला. पंप प्रेशर तयार करत नाही, तो नुसतं ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होतं अडवणुकीतून, नळीच्या तोंडावर अंगठा ठेवल्यासारखं. बेअरिंग झिजली की अंगठा सैल पडतो. पण अशा इंजिनात थंड ऑइल घट्ट असताना प्रेशर बरं येतं, आणि गरम झाल्यावरही आरपीएम वाढवला की काटा थोडाफार चढत राहतो. माझा काटा थंडीतही पंचेचाळीसच्या वर जाईना आणि गरम असताना अठ्ठावीस-तीसला अडकून बसला होता. म्हणजे कुठेतरी एक दार उघडं होतं. ते दार रिलीफ व्हॉल्व्हचं, म्हणजे प्रेशर जास्त झालं की ऑइल परत चेंबरात सोडणाऱ्या झडपेचं.

बी-सिरीजमध्ये हा व्हॉल्व्ह ब्लॉकच्या डाव्या अंगाला, मागच्या बाजूला, घुमटासारख्या षट्कोनी नटाखाली असतो. चेंबर उतरवायची गरज नाही. नट काढला, स्प्रिंग आली, मागून वाटीसारखा प्लंजर. आणि बसण्याच्या कडेवर लाल सिलिकॉनचा एक चपटा तुकडा. पंप ब्लॉकला बसवताना कागदी गास्केटऐवजी कोणीतरी सिलिकॉन थापलेलं असणार, असा माझा कयास. पंपाच्या तोंडावरच्या जाळीच्या आधीचा तुकडा जाळीत अडकला असता, पंपाच्या पुढचा सरळ इथे आला. प्लंजर पूर्ण बसत नव्हता आणि ऑइल गळत परत चेंबरात जात होतं. सीट पुसली, प्लंजर निळा रंग लावून तपासला, नवे वॉशर घातले. गरम इंजिनावर स्लोला १८, चालताना ५२. बेअरिंग जागच्या जागी आहेत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, एवढंच त्या हाफ इंजिनच्या सल्ल्याबद्दल म्हणेन.

प्रत्येक वेळी बातमी अशी गोड नसते. कोरेगावच्या एकाची पद्मिनी याच किटवर तपासली. थंड ५५, गरम स्लोला जेमतेम ५, आणि ॲक्सिलरेटर दाबला की खालून घुमणारा ठोका. तिथे रिलीफ व्हॉल्व्हला दोष देण्यात अर्थ नव्हता, क्रँक लेथवाल्याकडे गेलाच. तरी इंजिन उघडण्याआधी डिपस्टिक नाकाशी धरली होती. मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा डायफ्राम फाटला की पेट्रोल चेंबरात उतरतं, ऑइल पातळ होतं आणि प्रेशर पडतं. पातळी वाढलेली आणि वास पेट्रोलचा, असं असेल तर दुरुस्ती डायफ्राम आणि ताज्या ऑइलवर भागते. याच्या डिपस्टिकला वास नव्हता.

ऑइलवरून आठवलं. शंभर अंशाला ५० ग्रेडचं ऑइल किमान १६.३ सेंटिस्टोक (ऑइलच्या घट्टपणाचं माप) असतं, ३० ग्रेडचं साडेबाराच्या आतच. नव्या गाडीचं १०डब्ल्यू-३० उरलंय म्हणून जुन्या इंजिनात ओतलं तर काटा पडणारच, त्यात इंजिनाचा काय दोष? आधी २०डब्ल्यू-५० घाला, मग मोजा. उलटी चलाखीही चालते: गाडी विकायच्या आधी घट्ट करणारी बाटली ओतायची. काटा वर जातो, झीज तिथंच राहते. जुनी गाडी विकत घ्यायला जाताना म्हणूनच हा डबा डिकीत ठेवावा. मालक स्विच काढू द्यायला कां कूं करत असेल तर त्यातूनही काही कळतं.

घ्यावं का? ज्याच्याकडे पाने आहेत आणि पिच गेज आहे, त्याने जरूर घ्यावं. ज्याच्याकडे पिच गेज नाही त्याने आधी ते घ्यावं. इंजिनात ठोका ऐकू येत असेल तर किट लावून घाटात जाऊ नका, सुरू करून दोन मिनिटांत काय ते बघा आणि बंद करा. डब्यात कॉपर वॉशर दोनच आहेत आणि तेही कडक, जोडीला पाच-सहा मऊ घेऊन ठेवा. माझ्या डब्याची बिजागरी दुसऱ्याच आठवड्यात तुटली. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "काका, डबा बदलून देतो, पण पुण्याला आलात तर." अजून गेलो नाही. सुतळी बांधली आहे.