घोषणात्मक की मोनॅडिक: संगणकाची मांडणी लिहिण्याच्या दोन रीती

सांगलीतल्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सगळे संगणक एकसारखे ठेवायचे असतील, तर निक्सओएस या लिनक्स प्रणालीची घोषणात्मक रीत, म्हणजे काय हवे तेवढेच सांगण्याची रीत, मला निःसंशय अधिक भरवशाची वाटते. कॉन्फिगरेशन फाइलीत एसएसएच सेवा (दुरून लॉगिन करण्याची सोय) हवी, अमुक वापरकर्ते हवेत, एवढेच लिहायचे; काय आधी बांधायचे आणि काय नंतर, हे निक्स हे तिचे पॅकेज-साधन परस्परावलंबनावरून ठरवते, आणि नवी मांडणी बिघडलीच तर बूट मेनूतून आधीची पिढी, म्हणजे जपून ठेवलेली जुनी मांडणी, निवडून प्रात्यक्षिक सुरू ठेवता येते.

मोनॅडिक रीतीत, म्हणजे पायऱ्या एकामागून एक जोडणाऱ्या ‘मोनॅड’ या रचनेच्या रीतीत, क्रम लिहिणाऱ्याच्या हाती असतो. एका पायरीचे फलित पुढच्या पायरीला मिळते आणि त्यावरून पुढचे काम ठरवता येते. ही ताकद खरीच मोठी आहे. २०१२ साली सुरू झालेल्या गिक्स या निक्ससारख्याच प्रणालीत वापरकर्ता घोषणात्मक नोंद लिहितो, पण आतल्या स्टोअरवरील (बांधलेली पॅकेजे ठेवण्याच्या जागेवरील) क्रिया मोनॅडमधून गुंफता येतात. तिथे मोनॅडमधील पायरीच्या फलिताला नाव देणाऱ्या ‘एमलेट’ऐवजी साधे ‘लेट’ लिहिले गेले, तर हाती अपेक्षित फलिताऐवजी न चाललेली प्रक्रियाच येते, आणि गिक्ससाठी वापरली जाणारी गाइल ही प्रोग्रॅमिंग भाषा ही चूक प्रोग्रॅम चालवल्यावरच दाखवते. म्हणून मोनॅड साधन घडवणाऱ्याकडे राहावा. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यावर तो लादू नये.