पुट्टीखालचा चोथा: जुन्या शिडाच्या बोटीच्या डेकदुरुस्तीत झालेली फसवणूक

बिल 1,12,000 रुपयांचं होतं. त्यात 35 किलो पॉलिएस्टर रेझिन (फायबर बांधणारं चिकट द्रव), 12 किलो मॅट (काचतंतूंची चटई), 12 मिमी मरीन प्लायची एक अख्खी शीट आणि 100 मिली हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन). चोरी त्या शेवटच्या आकड्यात उघडी लिहिलेली होती. पैसे देताना तो कोणी वाचला नाही, एवढंच.

बोट 22 फुटी, फायबरची, छोट्या केबिनची, तीसेक वर्षांची. कोकणातून ट्रेलरवर घालून उजनीच्या बॅकवॉटरला आणलेली. दुखणं या वयाच्या बोटींना हमखास होणारं. डेक एकसंध फायबरचा नसतो, वरखाली फायबरचे पातळ थर आणि मधे बाल्साचं हलकं लाकूड. रेलिंगचे, दोर बांधायच्या क्लीटचे बोल्ट त्यातून आरपार जातात. बोल्टभोवतीचं सीलंट काही वर्षांत वाळून सुटतं आणि पाणी थेंब थेंब लाकडात उतरत राहतं. वरून काही दिसत नाही.

या बोटीत डोलकाठी डेकवरच उभी असते. आवळलेल्या तारांचा सगळा जोर तिच्या बुडाखाली येतो. तिथलं लाकूड कुजलं की डेक दबतो. टर्नबकल (तारा ताणायचे पेच) आवळल्यावर आठवड्यात तारा परत ढिल्या पडल्या, केबिनचं दार चौकटीत अडकायला लागलं, की समजावं डोलकाठी खाली चालली आहे. इथे बहुतेक लोक सुताराला बोलावून दार रंधून घेतात. दाराचा काही दोष नसतो.

फायबरचं काम करणाऱ्या कंत्राटदाराशी ठरलं होतं ते असं: डोलकाठीखालचा 1.2 बाय 1.5 मीटर भाग वरून कापायचा, कुजलेलं लाकूड काढायचं, मरीन प्लाय बसवायचं, वर मॅटचे तीन थर. 60 टक्के आगाऊ, बाकी बोट ताब्यात घेताना. बोट परत आली तेव्हा डेक नव्यासारखा चकाकत होता.

प्रत्यक्षात डेक कापलाच नव्हता. चार-चार इंचांवर 8 मिमीची भोकं पाडून इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजने रेझिन सोडलं, वरून गाडीच्या डेंटिंगची पुट्टी फासली, त्यावर जेलकोट (फायबरचा वरचा चकाकता थर) आणि पाय घसरू नये म्हणून वाळू घातलेला रंग. ओल्या लाकडात रेझिन मुरत नाही. भोकाच्या आजूबाजूला खुंटीसारखं घट्ट होऊन बसतं, मधलं लाकूड तसंच कुजत राहतं, आणि आता तर वरून झाकण घट्ट बसल्याने त्याला वाळायलाही वाट नाही. डेंटिंगच्या पुट्टीत शंखजिऱ्याची भुकटी असते, ती पाणी शोषते. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा 42 च्या पुढे गेल्यावर, अशा पुट्टीवरच्या रंगाला केसासारख्या भेगा पडल्या.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या आणि डेकवर दोन-दोन बोटांवर ठोकत जा. चांगल्या डेकचा आवाज ठणठणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. सिरिंजवाल्या डेकचा आवाज मात्र फसवा: चार इंचांवर ‘ठण’, मधे ‘बद्द’, पुन्हा ‘ठण’. खडूने खुणा केल्या की चौकटीचा नक्षीकागद तयार होतो. मग केबिनच्या छताकडून, म्हणजे खालून, 5 मिमीच्या ड्रिलने भोक पाडा. बिटाला टेप गुंडाळून खोलीची खूण करा, नाहीतर वरचा थरही फुटेल. कोरडा पांढरट भुसा आला तर ठीक. इथे आला तो चहाच्या चोथ्यासारखा काळपट लगदा. चिमटीत दाबला की पाणी सुटत होतं आणि वास पावसात भिजलेल्या गोणपाटाचा.

आता बिलाचा हिशोब. मॅट 450 जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला 450 ग्रॅम. टॉवेलच्या गावात जीएसएम समजावायची गरज नाही, पण टॉवेल खरेदी करताना वजन विचारणारा माणूस फायबरच्या बिलापुढे मुकाट सही करतो, हे खरं. दुरुस्तीचा भाग 1.8 चौरस मीटर. कडेचा उतार धरून तीन थरांना साधारण साडेसहा चौरस मीटर मॅट, म्हणजे तीन किलो. मॅटला तिच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं. प्लाय चिकटवायचं आणि वाया जाणारं धरलं तरी सगळं मिळून 15 किलोच्या वर जात नाही. बिलात 35. आणि हार्डनर पडतो रेझिनच्या 1 ते 2 टक्के: 35 किलोला किमान 350 मिली हवा. 100 मिलीत फार तर दहा किलो रेझिन घट्ट होईल. प्लायची शीट आठ बाय चार फूट, जवळपास तीन चौरस मीटर. वापरलं असतं तर एक चौरस मीटरहून मोठा तुकडा उरला असता. तो मागितला तेव्हा उत्तर आलं, ‘भंगारात गेला.’

म्हणून पैसे टप्प्याने द्या, आणि प्रत्येक टप्पा डोळ्यांनी पाहून: डेक कापून उघडल्यावर, नवं प्लाय बसल्यावर, मॅट चढल्यावर, शेवटचे 25 टक्के रंगानंतर. मॅट चढायच्या आत रंगाचा डबा उघडू देऊ नका. काढलेलं कुजकं लाकूड पोत्यात भरून मागा. प्लायवर आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का पाहा. शिक्का खोटाही मारतात, म्हणून हातभर तुकडा काही तास उकळून बघा. या मानकाचं प्लाय 72 तासांच्या उकळीत टिकावं लागतं, बाजारातलं साधं प्लाय त्याआधीच पदर सोडतं.

नीट काम कसं दिसतं तेही माहीत असावं. कापलेल्या कडा सरळ उभ्या नसतात. थराच्या जाडीच्या बारा पट लांब उतार घासलेला असतो, 3 मिमीच्या थराला 3.6 सेंटीमीटर. जुनं फायबर 40-60 नंबरच्या पॉलिशपेपरने खरवडून ॲसिटोनने पुसलेलं असतं. प्लाय एकच तुकडा नसून चौकोनांत कापलेलं असतं, म्हणजे पुढेमागे पाणी शिरलं तरी एका चौकोनात अडतं. एप्रिल-मेमध्ये रेझिन पहाटेच कालवायचं, हार्डनर 1 टक्क्याच्या आसपास ठेवून. दुपारी डबा हातातच तापून धूर सोडतो. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं द्रव) आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत ओतू नका, स्फोट होतो.

याच बोटीत ब्राँझ म्हणून लावलेले बुडाचे वॉल्व्ह साध्या पितळेचे, नळवाल्याकडचे निघाले. समुद्रात पितळेतलं जस्त झडून ते गुलाबी आणि ठिसूळ होतं. उजनीच्या गोड्या पाण्यात ते संकट कमी. पण चाकाच्या वॉल्व्हमध्ये गाळ अडकला की तो पूर्ण मिटत नाही आणि मिटलाय की नाही हे कळतही नाही. दांड्याचा बॉल वॉल्व्ह घ्या. समुद्रात टिकणाऱ्या 316 स्टीलऐवजी साध्या 304 स्टीलच्या तारा आल्या, त्यावर गोड्या पाण्यात रडत बसण्यात अर्थ नाही. लोहचुंबक घेऊन फरक शोधणाऱ्यांनीही थांबावं, दोन्हींना तो नीट धरत नाही.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. राष्ट्रीय हेल्पलाइन 1915. बिल, भोकातला लगदा, खडूच्या खुणांचे फोटो, ठरलेल्या कामाचे व्हॉट्सॲप मेसेज सोबत जोडा. तोंडी ठरलेलं असेल तर आजच कंत्राटदाराला मेसेज करून ‘आपलं असं ठरलं होतं’ एवढं लिहून घ्या.

उजनी उणेत गेली की बोट तशीही गाळावर बसते. डेक उघडून वाळवायला तोच काळ. बंद करताना 8 मिमीच्या बोल्टसाठी 12 मिमीचं भोक पाडा, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा आणि वाळल्यावर त्याच्या मधोमध 8 मिमीचं भोक काढा. पुढे सीलंट सुटलं तर पाणी लाकडाला न शिवता सरळ केबिनमध्ये टपकतं. उशी ओली होते, आणि कुठला बोल्ट सुटला ते त्याच दिवशी कळतं.