जे पैसे मागावेच लागणार नव्हते

२०२२ च्या हिवाळ्यात आम्ही चौघे विद्यार्थी इंग्लंडमधील लेस्टर येथे एका जुन्या, थंडगार घरात राहत होतो. विजेचा मीटर किल्लीवर चालणारा होता. दुकानात जाऊन किल्लीत आगाऊ पैसे भरायचे आणि ते संपले की अंधार. ब्रिटिश सरकारने त्या हिवाळ्यासाठी प्रत्येक घरामागे ४०० पौंडांची सवलत जाहीर केली आहे, एवढे कानावर आले होते. परंतु ती कशी मिळते, याची चौकशी आमच्यापैकी कोणीच केली नव्हती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला मोबाइलवर संदेश आला की, आपण सवलतीस पात्र असूनही अर्ज केलेला नाही, तरी तो आजच करावा. उघडलेले पान हुबेहूब सरकारी वाटत होते. खऱ्या सरकारी संकेतस्थळाचे नाव ‘गव्ह डॉट यूके’ने संपते, या नावात ती अक्षरे मध्येच होती आणि शेवट भलताच होता, पण तिकडे माझे लक्ष गेले नाही. नाव, जन्मतारीख, पत्ता, डेबिट कार्डाचा क्रमांक, सारे काही मी भरून दिले.

मनात शंका आली, ती मात्र निराळीच. माझ्या निवासी परवान्यावर सरकारी निधीचा लाभ घेता येणार नाही, अशी अट छापलेली होती, त्यामुळे ही मदत घेतल्यास व्हिसा धोक्यात येईल की काय, या भीतीने मी विद्यापीठाच्या सल्लाकेंद्रात गेलो नाही आणि घरातल्या मित्रांनाही काही सांगितले नाही. विचारले असते, तर ही सवलत व्हिसाच्या नियमांत सरकारी निधी धरली जात नाही आणि आमच्यासारख्या घरांना त्यासाठी अर्जच करावा लागत नाही, हे तिथेच समजले असते. (ज्यांचा वीजकंपनीशी थेट घरगुती करार नव्हता, त्यांच्यासाठी अर्जाची सोय पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली.)

दोन दिवसांनी ‘बँकेच्या फसवणूकविरोधी विभागातून’ फोन आला. बोलणाऱ्या गृहस्थाला माझी जन्मतारीख आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे ठाऊक होते. तुम्ही नुकताच एक बनावट अर्ज भरला आहे, असे त्यानेच मला सांगितले, आणि याच सांगण्यामुळे माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला. खाते सुरक्षित राहावे म्हणून त्याने दिलेल्या दुसऱ्या खात्यात मी स्वतःच्या हाताने ८७० पौंड पाठवले. ते जानेवारीचे घरभाडे आणि दोन महिन्यांचा खर्च होता. फोन ठेवून १५९ हा क्रमांक फिरवला असता, तर खऱ्या बँकेशी बोलणे झाले असते. संशयित संदेश ७७२६ वर पाठवायचा असतो, हेही मला पोलिसांकडे तक्रार नोंदवल्यानंतर कळले. बँकेने पुष्कळ पत्रव्यवहारानंतर निम्मीच रक्कम परत केली.

हे सारे मित्रांना सांगितले, तेव्हा त्यांतला एक जण उठून जिन्याखालच्या टपालाच्या ढिगाकडे गेला. जाहिराती समजून आम्ही तिथे टाकून दिलेल्या पाकिटांत, वीजकंपनीने पाठवलेली त्याच सवलतीची ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची प्रत्येकी ६६ पौंडांची व्हाउचर होती. नव्वद दिवसांची मुदत अजून संपलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही किल्ली आणि ओळखपत्र घेऊन पोस्टात गेलो. १३२ पौंड किल्लीत भरले गेले आणि बँक खात्याविषयी कोणी एक शब्दही विचारला नाही.